ऋतू बदलला, दिनक्रम बदलला का?



मृगाचा पहिला पाऊस पडला की वाघोलीच्या चाळींतून, पत्र्याच्या खोल्यांतून आणि बांधकामावरच्या झोपड्यांतून खोकल्याचे आवाज सुरू होतात. दिवाळीच्या सुमारास तापाची साथ येते. डिसेंबरात म्हाताऱ्या माणसांचे सांधे धरतात आणि एप्रिलमध्ये धडधाकट तरुण कामावर चक्कर येऊन पडतो. दरवर्षी हेच घडते. तरीही ऋतू बदलला म्हणून आपण आपला दिनक्रम बदलत नाही. उठण्याची वेळ तीच, जेवण तेच, पाणी तेच. आजारी पडलो की दवाखान्याची पायरी चढतो आणि आठवड्याची हजेरी बुडवून बसतो. हातावर पोट असणाऱ्याला आजार दुप्पट महाग पडतो. औषधाचा पैसा जातो आणि मजुरीही जाते.

या बाबतीत चिनी माणसाची एक जुनी रीत आपण समजून घेण्यासारखी आहे. चीन म्हटले की आपल्याला रस्त्यावरच्या गाडीवरचे नूडल्स आठवतात, नाहीतर स्वस्तातले मोबाईल. परंतु तिथल्या साध्या कुटुंबात आजही ऋतूप्रमाणे खाणे, पिणे, झोपणे आणि चालणे बदलण्याची सवय टिकून आहे. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, म्हणूनच त्या आपल्या उपयोगाच्या आहेत.

आपले आणि चीनचे आरोग्याच्या बाबतीतले नाते नवे नाही. इसवी सन ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा भिक्खू चीनमधून निघाला. त्याने नालंदा विहारात सुमारे दहा वर्षे अध्ययन केले आणि ६९५ साली तो मायदेशी परतला. भारतातले भिक्खू दात कसे स्वच्छ करतात, पाणी गाळून कसे पितात, आजारी माणसाची काळजी कशी घेतात, हे त्याने बारकाईने लिहून ठेवले. पुढे १९३८ साली पाच भारतीय डॉक्टर युद्धाने होरपळलेल्या चीनच्या मदतीला गेले. त्यांत सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकर होते. डॉ. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ रोजी अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच गेले. त्यांचे सहकारी डॉ. बी. के. बसू यांनी पुढे चिनी सुयांची उपचारपद्धती, म्हणजे ॲक्युपंक्चर, भारतात आणली. म्हणजे विद्या इकडून तिकडे गेली आणि तिकडून इकडेही आली. चांगली गोष्ट कोणाची आहे हे पाहू नये, ती पारखून घ्यावी.

वर्षाचे चोवीस तुकडे

चिनी वैद्यकाचा 'हुआंगदी नेइजिंग' हा ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात चार ऋतूंचा दिनक्रम सांगितला आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात उशिरा झोपा, लवकर उठा. शरदात लवकर झोपा आणि कोंबड्याबरोबर उठा. हिवाळ्यात लवकर झोपा आणि सूर्य वर आल्यावर उठा. अशा प्रकारचे ते नियम आहेत. सृष्टी ज्या ऋतूत जशी वागते, तसे शरीराला वागू द्यावे, हा त्यामागचा विचार.

तिथल्या शेतकऱ्यांनी सूर्याच्या चालीवरून वर्षाचे चोवीस भाग पाडले. एक भाग साधारण पंधरा दिवसांचा. कीटक जागे होण्याचा काळ, धान्याच्या पावसाचा काळ, लहान उष्मा, मोठा उष्मा, पांढरे दव, मोठी थंडी अशी त्यांची नावे आहेत. युनेस्कोने २०१६ साली या कालगणनेची मानवजातीचा अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. आपल्या आजी-आजोबांना यात काही नवल वाटणार नाही. मृग, आर्द्रा, मघा, हस्त ही पावसाची नक्षत्रे त्यांना तोंडपाठ होती. तीही सूर्याच्या चालीवरूनच मोजलेली, तेरा-चौदा दिवसांची. इथे भविष्य सांगणाऱ्याचा काही संबंध नाही. हे शेतकऱ्याचे वेळापत्रक होते. गाव सुटले, आपण पुण्याच्या वेशीवर आलो, वाघोली २०२१ साली महापालिकेतही गेली, आणि ते वेळापत्रक मात्र गावीच राहिले.

एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चीनचे ऋतू म्हणजे आपले ऋतू नव्हेत. तिथल्या बऱ्याच भागात उन्हाळा आणि पाऊस एकत्र येतात. आपल्याकडे आधी कोरडा रखरखीत उन्हाळा, मग चार महिने पाऊस, मग ऑक्टोबरचा उकाडा आणि त्यानंतर थंडी. म्हणून त्यांच्या तारखा घेऊ नयेत, त्यांची पद्धत घ्यावी. आणि तारखांची आपल्याला वाण नाही. आपल्या वर्षातले मोठे दिवस नेमके ऋतूंच्या सांध्यावर आलेले आहेत. त्या दिवसांशीच दिनक्रम बांधला तर विसर पडणार नाही.

१४ एप्रिल : उन्हाळा

भीमजयंतीचा उत्साह मोठा आणि ऊनही मोठे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानात झालेल्या सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा माणसे दगावली, हे आपण विसरता कामा नये. चिनी ग्रंथ उन्हाळ्यात उन्हाचा कंटाळा करू नका म्हणतो. तो सल्ला आपल्याला लागू नाही. आपल्याकडे दुपारी बारा ते तीन लहान मुले, गरोदर भगिनी आणि वृद्ध यांनी सावलीतच थांबावे. मिरवणूक संध्याकाळची असावी आणि वाटेत पाण्याची सोय असावी.

चिनी घरांत या दिवसांत हिरव्या मुगाचे पातळ कढण करून ठेवतात आणि कोमट किंवा गार करून दिवसभर पितात. आपल्याला मूगही परके नाहीत आणि कढणही नाही. मूठभर हिरवे मूग तांब्याभर पाण्यात शिजवावेत, चिमूटभर मीठ घालावे. कामावर जाणाऱ्याला बाटली भरून द्यावी. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताकही तेच काम करते. फ्रिजचे बर्फगार पाणी चिनी माणूस टाळतो. आपल्या माठाचे पाणी त्याला पसंत पडावे.

घाम फार गेला, हातपाय वळू लागले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. परंतु अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो, किंवा त्याची शुद्ध हरपते आहे, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंग ओल्या कापडाने पुसा, वारा घाला आणि १०८ क्रमांकावर फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

आषाढी पौर्णिमा : पावसाळा

या दिवसापासून भिक्खूसंघाचा वर्षावास सुरू होतो. तीन महिने एका ठिकाणी राहायचे, भटकंती थांबवायची. ऋतू पाहून दिनक्रम बदलण्याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

पावसाळ्यातले मुख्य दुखणे पाण्याचे. वाघोलीच्या कितीतरी वस्त्यांत पाणी टँकरने येते आणि पिंपात साठवले जाते. चिनी माणसाची सर्वांत मोठी सवय इथे कामाला येते. तो उकळलेले पाणी पितो. तिथल्या रेल्वेगाडीतही उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि कामगाराच्या हातात थर्मास असतो. १९५२ साली तिथे देशव्यापी आरोग्य मोहीम सुरू झाली आणि पाणी उकळून पिण्याचा प्रसार घरोघर झाला. गरम पाण्याने पोट निवळते का, यावर वाद घालता येईल. परंतु उकळल्याने जंतू मरतात यावर वाद नाही. पाण्याला खळखळून उकळी फुटली की एक मिनिट तसेच ठेवावे, झाकून गार करावे आणि ओगराळ्याने काढावे. गॅस परवडत नसेल तर निदान लहान मुलांचे आणि आजाऱ्यांचे पाणी तरी उकळावे. बाकीच्या पाण्यासाठी क्लोरीनचे औषध कसे वापरायचे ते आशाताईंना विचारावे.

दुसरे दुखणे पायांचे. चिखलात दिवसभर उभे राहून बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावेत, बोटांच्या मध्ये कोरडे पुसावेत, ओले मोजे पुन्हा घालू नयेत. या ऋतूत पाय कोरडे ठेवणे हाच उपाय. पाय गरम पाण्यात बुडवण्याची चिनी रीत थंडीसाठी राखून ठेवावी.

धम्मचक्र प्रवर्तन दिन : शरद

पाऊस ओसरतो, ऊन तापते, सकाळी दव पडते. एका दिवसात दोन ऋतू. चिनी लोक या काळाला फार जपतात. आणि केवळ चिनी नव्हे. विनयपिटकात भैषज्याचा जो भाग आहे, त्यात एक प्रसंग आहे. तथागत श्रावस्तीला असताना भिक्खूंना शरद ऋतूतला आजार झाला. पेजही पोटात ठरेना, माणसे कृश आणि फिकट झाली. तेव्हा तथागतांनी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे घेण्याची मुभा दिली. तेवढ्याने भागेना, तेव्हा माध्यान्हानंतर काही न खाण्याच्या नियमातूनही या औषधांपुरती सवलत दिली. नियम माणसासाठी असतो हे त्यातून दिसते. आजही घरातल्या अशक्त माणसाला या दिवसांत जड, तेलकट जेवण देण्यापेक्षा मऊ पेज आणि वर चमचाभर तूप द्यावे.

शरदातला ताप मात्र घरी अंगावर काढू नये. डेंग्यू आणि चिकुनगुन्या याच दिवसांत बळावतात. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. पिंप, बादली, कूलर, फुटकी टायरे सगळे रिकामे करून घासून कोरडे करावे. बांधकामावर साचलेले पाणी काढायला मुकादमाला सांगावे. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर रक्त तपासून घ्यावे.

६ डिसेंबर ते १ जानेवारी : थंडी

चैत्यभूमीला जाणारी माणसे रात्रीचा प्रवास करतात. १ जानेवारीला तर आपला नगर रस्ताच माणसांनी भरून जातो. लोणीकंदवरून पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाकडे जाणारी कुटुंबे वाघोलीतूनच पुढे सरकतात. पहाटेची थंडी, अंगावर एक पातळ शाल, कडेवर लहान मूल. निघताना कान आणि पाय झाकावेत. बाळाला टोपी, मोजे घालावेत. सोबत कोमट पाण्याची बाटली ठेवावी. चहाच्या टपरीवर भागवण्यापेक्षा घरून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी.

चिनी कुटुंबात थंडीत झोपण्यापूर्वी पंधरा-वीस मिनिटे पाय गरम पाण्यात बुडवून बसतात. दिवसभर घमेली वाहणाऱ्या माउलीला किंवा पहारेकऱ्याला याने खरोखर बरे वाटते, झोप चांगली लागते. फक्त पाणी आधी कोपर बुडवून पाहावे. मधुमेह असलेल्यांनी हे करू नये, कारण पायाची संवेदना कमी झालेली असते आणि पाय भाजलेला कळत नाही. जखम असेल तरीही करू नये.

याच दिवसांत चीनमधल्या बौद्धांचा एक सुंदर सण येतो. त्यांच्या बाराव्या महिन्याच्या आठव्या तिथीला, बहुधा जानेवारीत, ते सिद्धार्थ गौतमाला संबोधी प्राप्त झाल्याचा दिवस पाळतात. तांदूळ, घेवड्यासारखी कडधान्ये, शेंगदाणे, खजुरासारखी लाल बोरे एकत्र मंद आचेवर शिजवून त्याची दाट पेज करतात. विहारांतून ती येणाऱ्या-जाणाऱ्या सर्वांना वाटतात. सुजाताने दिलेल्या खिरीची ती आठवण आहे. थंडीत अंगात ऊब आणि बळ देणारे याहून स्वस्त अन्न सापडणार नाही. आपल्याकडे ज्वारीच्या कण्या, मूठभर मटकी, शेंगदाणे आणि गूळ घालून अशी पेज सहज होते. एखाद्या रविवारी विहारात सगळ्यांनी मिळून ती रांधली, तर मुलांच्या पोटातही जाईल आणि कथाही कळेल.

फेब्रुवारी-मार्चसाठी चिनी घरांत एक म्हण आहे. वसंतात कपडे उतरवायची घाई नको, शरदात अंगावर चढवायची घाई नको, असा तिचा अर्थ. सकाळी थंडी आणि दुपारी ऊन अशा दिवसांत मुलांना शाळेत पाठवताना ती उपयोगी पडते.

चालणे आणि अंग मोकळे करणे

जेवणानंतर शंभर पावले चालावे, असे चिनी माणूस सांगतो. आपण त्याला शतपावली म्हणतो! तथागतांनीही चंक्रमणाचे म्हणजे सावकाश चालण्याचे पाच लाभ सांगितले आहेत, त्यांत आरोग्य आणि अन्नपचन आहे. तीन ठिकाणांहून एकच गोष्ट सांगितली गेली आहे. तेव्हा जेवल्या जेवल्या टीव्हीपुढे किंवा मोबाईल घेऊन आडवे होणे सोडावे.

अंगमेहनत करणाऱ्याला आणखी व्यायाम कशाला, असे विचारले जाते. परंतु मेहनतीने अंग वाकते, आखडते. चिनी लोक बागेत 'बादुआनजिन' म्हणजे आठ हालचालींचा संथ व्यायाम करतात. त्यातली पहिली हालचाल कोणालाही जमेल. ताठ उभे राहावे, दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंफावीत, श्वास घेत हात डोक्यावर न्यावेत, तळवे आभाळाकडे करावेत आणि श्वास सोडत सावकाश खाली आणावेत. असे आठ वेळा करावे. गवंडीकाम, शिवणकाम किंवा धुणीभांडी करून आल्यावर पाठीला आराम पडतो. घाई करू नये, झटका देऊ नये.

पारखून घ्या

आता सावधगिरीची गोष्ट. जुने म्हणून खरे आणि परदेशी म्हणून भारी, असे मानू नये. तू योयो या चिनी संशोधक महिलेने चौथ्या शतकातल्या एका जुन्या वैद्यकग्रंथावरून मलेरियावरच्या वनस्पतीचा माग काढला. तिच्यातला औषधी अंश वेगळा केला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला आणि त्यानंतर रुग्णांना दिला. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. ग्रंथ जुना होता, पण औषध तपासणीतून सिद्ध झाले.

याच्या उलटही घडले आहे. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी दिलेल्या चिनी वनस्पतींच्या गोळ्यांनी शंभराहून अधिक महिलांना मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला आणि त्यांतल्या अनेकींची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून बाजारात कोणी 'चिनी जडीबुटी' म्हणून बाटली किंवा पुडी विकत असेल तर ती घेऊ नये. सुयांचा उपचार घ्यायचा असेल तर महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. उपचार करणाऱ्याची नोंदणी विचारावी आणि सुई नवी, सीलबंद आहे ना हे डोळ्यांनी पाहावे. रक्तदाबाची, मधुमेहाची, क्षयाची चालू गोळी कोणत्याही कढणासाठी बंद करू नये.

शरीराचे शरीराकडे, मालकाचे मालकाकडे

शेवटी एक कळीचा मुद्दा. हिवाळ्यात सूर्य वर आल्यावर उठा, असे चिनी ग्रंथ सांगतो. ज्याला सकाळी सातला नाक्यावर उभे राहायचे आहे, त्याने ते कसे पाळावे? हे ग्रंथ लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घमेले उचलणारा माणूस नव्हता. विश्रांती ही नुसत्या सवयीची गोष्ट नाही, ती कामाच्या तासांची गोष्ट आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्यातले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले गेले, ते याचसाठी.

वाघोलीच्या दगडखाणींत आणि खडी क्रशरवर ज्यांनी उमेद घालवली, त्यांच्या छातीत दगडाची बारीक धूळ बसते. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो मुगाच्या कढणाने जात नाही, पाय बुडवून जात नाही, आणि बरा करणारे औषधही नाही. तो होऊ नये म्हणून दगड फोडताना पाणी मारणे, क्रशर झाकणे, चांगला मुखवटा देणे ही मालकाची जबाबदारी आहे. एप्रिलच्या दुपारी कामाची सुट्टी, सावली आणि पिण्याचे पाणी हीसुद्धा मालकाचीच जबाबदारी. ही मागणी एकट्याने केली तर हजेरी जाते, सगळ्यांनी मिळून केली तर ऐकावी लागते. धुळीत काम केलेल्यांना क्षयही लवकर गाठतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाचे औषध तिथे मोफत आहे आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून एक हजार रुपये झाली आहे. ती मागून घ्यावी, लाजू नये.

तेव्हा दोन याद्या करा. एक घराची. उकळलेले पाणी, ऋतूप्रमाणे पेज किंवा कढण, कोरडे पाय, शतपावली, वेळेवर झोप. दुसरी कामाच्या जागेची. पाणी, सावली, मुखवटा, सुट्टी. पहिली यादी या आठवड्यात माता-भगिनींनी आणि कर्त्या पुरुषांनी मिळून, मुलांना सोबत घेऊन, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहावी. सगळे घरातल्या बाईवर टाकू नये. दुसरी यादी रविवारी विहारात जमाल तेव्हा सर्वांनी मिळून लिहावी आणि मुकादमापुढे ठेवावी.

सर्वांना निरोगी आयुष्य लाभो. नमो बुद्धाय! जयभीम!